मागच्या गॅलरीतल्या परड्या

हरमल,
५ नोव्हेंबर २०२४

ति. सौ. आईस,
हर्षाचा सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला आणि त्यातलं तुझं पत्रही. कागदाला चकलीचं तेल लागलं होतं, पण अक्षर वाचता आलं. फोनवर आपण दोघी बोलायला लागलो की बाबा मधेच फोन घेतात आणि मोपाला आज किती विमानं उतरली ते मला विचारतात, जशी काही मी तिथे उभी राहून मोजते. त्यापेक्षा हे पत्रांचं बरं. लग्नात तू दिलेला अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा अजून अर्धाही संपला नाही.

माझी तब्येत चांगली आहे. सहावा महिना सरत आला. उलट्या थांबल्या, भूक लागते. सकाळी पोदेर पाव घेऊन सायकलवरून आला की सासूबाई माझ्यासाठी गरम उंडे घेऊन ठेवतात आणि भाजीबरोबर दोन खाल्ल्याशिवाय मला उठू देत नाहीत. दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात तो बघायला मात्र त्यांनी सोडलं नाही, गर्दीत धक्का लागेल म्हणून. रुद्रेश एकटाच गेला.

आता एक काम. वरच्या चार खोल्या रंगवून झाल्या, डिसेंबरपासून पाहुणे भरतील. समुद्राकडच्या गॅलरीत रुद्रेशने आठ आकडे ठोकून घेतले आहेत. त्याला तिथे टांगत्या परड्या हव्यात, थंडीभर फुललेल्या. शेजारच्या खोल्यांवर तशा आहेत आणि येणारे-जाणारे त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढतात. सासूबाई म्हणतात की पिटुनिया लावूया, म्हापशाच्या नर्सरीत रोपं आली आहेत, थंडीत त्यासारखं फूल नाही. त्यांचा हात चांगला आहे. गेल्या वर्षी विहिरीकडे त्यांनी लावलेली शेवंती गावभर देवाला गेली. तरी तुला विचारल्याशिवाय मी आजवर साधी तुळस लावली नाही, म्हणून विचारते. काय लावू?

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
हर्षा


सुर्ला, डिचोली,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. हर्षा हिस,
आईचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. तुझ्या सासूबाईंचा हात चांगला आहे हे वाचून आनंद झाला. तुला धड चालता येत नव्हतं तेव्हा तू मातीत बसून माझी रोपं उपटायचीस आणि मी ती पुन्हा लावायचे. तो हात कसा होता ते आता तुला आठवत नसेल.

पिटुनिया लावू नकोस असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर सासू-सुनेत काडी टाकली असं व्हायचं. फक्त एवढंच सांगते की ते नाजूक फूल आहे. तुमच्या गॅलरीचं तोंड पश्चिमेला. दुपारनंतर खारा वारा थेट अंगावर येणार. टांगलेल्या परडीतली माती चहूबाजूंनी वाळते, जमिनीवरच्या कुंडीसारखी ती ओल धरत नाही. पिटुनियाची पानं चिकट, त्यांवर वाळू बसते. नाताळपर्यंत शोभा येईल, पुढचं तुम्ही जाणे.

मी असते तर चिनी गुलाब लावला असता. जाड पानांचा, खारं सोसणारा, ऊन चढलं की उघडणारा. बरोबर लोंबती सदाफुली, आणि कडेने जांभळी पानवेल, म्हणजे फुलं मिटली तरी परडी ओकीबोकी दिसत नाही. आणखी एक. कुंडीतलं झाड माणूस वरून बघतो, टांगलेलं खालून बघतो. म्हणून परडीला पोट हवं, झाड कडेवरून खाली उतरलेलं हवं. शेंडे खुडत राहिलं की ते फुटतं. शेंडा खुडताना तुझा जीव कळवळायचा, ते मला माहीत आहे.

तुला आता वाकणं-उठणं नको. मीच आठ परड्या भरून पाठवते. आतून नारळाची सोडणं लावते, वर आपली लाल माती आणि शेणखत. तुझे बाबा खाणीवरचा ट्रक चालवायचे तेव्हा दगडसुद्धा सांडत यायचे, पण टेम्पो सावकाश चालवतात. फूल पडणार नाही.

आणि मुद्द्याचं तू लिहिलंच नाहीस. पहिलं बाळंतपण माहेरी. आतल्या खोलीला चुना काढला आहे, खाट वारा यावा म्हणून जनेलाजवळ घेतली आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं आहे. डिसेंबर लागला की ये. उंडे डिचोलीतही मिळतात.

तिथल्या सर्वांना यथायोग्य. आईवर जीव आहे तो जपून ठेव, वापरून संपवू नकोस.

तुझी आई,
सुलोचना


हरमल,
२८ नोव्हेंबर २०२४

ति. सौ. आईस,
हर्षाचा सा. न. वि. वि.

परड्या आल्या, एकही फूल पडलं नाही. मांयने त्या स्वतः टेम्पोतून उतरवून घेतल्या. एकीत बोट घालून माती बघितली. मग म्हणाली की तुझ्या आईने यात जीव ओतला आहे. पण तोवर तिने म्हापशाहून पिटुनिया आणून चार परड्या भरल्या होत्या. आकडे आठ आणि परड्या बारा. रुद्रेश बिचारा मधे उभा. शेवटी त्याने तोडगा काढला की समोर चार तिच्या, चार तुझ्या आणि उरलेल्या तुझ्या चार मागच्या गॅलरीत.

खरं सांगायचं तर सध्या पिटुनिया फार सुंदर दिसतो. पहिले पाहुणे आले आहेत, एक रशियन जोडपं. ती बाई सकाळचा चहा त्याच्याखालीच पिते आणि मांयला खुणेने विचारते की हे कसं वाढवलं. तुझे चिनी गुलाब उशिरा उघडतात, तोवर ती माणसं समुद्रावर गेलेली असतात. रागावू नकोस.

बाळंतपणाचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. आई, मला वाटतं मी इथेच राहावं. तुमच्याकडे खाणीचे ट्रक पुन्हा सुरू झाले आहेत, ती लाल धूळ बाळाला नको. इथे सीझन आहे, रुद्रेश एकटा पडेल. आणि मांय आहे. ती मला काही करू देत नाही. मी हल्ली फारशी हिंडतही नाही, सगळं हातात मिळतं. अक्षर जरा तिरकं आलं आहे, चालवून घे.

बाबांना सांग की विमानं बरीच उतरतात. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
हर्षा


सुर्ला, डिचोली,
१० डिसेंबर २०२४

सौ. सुमंगलाताई यांस,
सुलोचनाचा स. न. वि. वि.

आपल्याला मी पहिल्यांदाच लिहीत आहे. व्याह्यांनी व्याह्यांना लिहावं अशी रीत, पण आमचे हे कागद पुढे घेतला की पेंगतात.

हर्षाची आपण फार काळजी घेता. ते तिच्या पत्रांतून कळतं. पूर्वी ती आपल्याला सासूबाई लिहायची, गेल्या पत्रात आपण मांय झालात. मी पत्र मिटून ठेवलं, पुन्हा उघडलं, शब्द तोच होता. अक्षरही तिरकं, घाईघाईचं. आईला लिहायला हल्ली तिला सवड नसावी.

परवा हे नारळ द्यायला हरमलला आले होते. हर्षा झोपली आहे असं सांगून आपण त्यांना चहा देऊन वाटेला लावलंत. बाप आल्यावर ती झोपून राहते हे आम्हाला नवीन. जाताना यांनी सहज वर बघितलं. समोरच्या गॅलरीत सगळा पिटुनिया, माझी एकही परडी नाही. रुद्रेशला विचारलं तर तो गडबडला आणि म्हणाला की त्या साऱ्या मागे नेल्या. मागे म्हणजे गोठ्याच्या अंगाला. यांनी मला हे हसत सांगितलं, पुरुषांना त्यात काही वाटत नाही. ताई, फुलं पसंत नव्हती तर परत पाठवायची होती. टांगायला गोठा आमच्याकडेही आहे.

आमची माणसं दोडामार्गहून पोटासाठी इथे आली, आपण पिढ्यान्पिढ्यांचे पेडण्याचे. आपल्या घरात मुलगी दिली तेव्हा मी सगळ्यांना अभिमानाने सांगितलं. मुलगी नांदायला दिली. तिची आई असणं मी कुणाला देऊन टाकलेलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, हे तुमच्याकडेही वेगळं नसेल. येत्या रविवारी हे गाडी करून येतील. तिची तयारी करून ठेवावी.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

सुलोचना


हरमल,
१३ डिसेंबर २०२४

सौ. सुलोचनाताई यांस,
सुमंगलाचा स. न. वि. वि.

रविवारी गाडी हर्षाला न्यायला पाठवू नका. तिच्यात बसून तुम्हीच या, राहायला या. कारण लिहिते. शांतपणे वाचा, पोर आज ठीक आहे.

तुमच्या परड्या आल्या त्याच आठवड्यात तिला रक्त दिसलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाळाची वार खाली आहे. अंथरुणातून उठायचं नाही, प्रवास तर नाहीच. तेव्हापासून ती पडून आहे. पत्रही पडूनच लिहिते, म्हणून अक्षर तसं. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ तिने मला आणि रुद्रेशला घातली. म्हणाली की माझ्या आधीचं आईचं एक मूल असंच गेलं होतं, हे कळलं तर ती जेवणखाण सोडेल, तिला परड्यांतच राहू द्या. मी ऐकायला नको होतं. तुमचे यजमान आले तेव्हा ती जागी होती. बापाचं तोंड बघितलं की रडू फुटेल आणि सगळं बाहेर येईल म्हणून तिनेच मला तसं सांगायला लावलं. चहा मी त्यांना कसा दिला ते मला ठाऊक. आज शपथ मोडते आहे, तुमचं पत्र वाचून.

आता परड्यांचं. त्या मी मागे नेल्या नाहीत. तिची खाट मागच्या खोलीत हलवली, तिथे पाहुण्यांची वर्दळ नाही. पडल्या-पडल्या दिसाव्यात म्हणून तिने तुमच्या सगळ्या परड्या जनेलासमोर टांगून घेतल्या. सकाळचं ऊन तिकडे येतं. चिनी गुलाब उघडायला लागतो तेव्हा ती खालून बघत असते. माझ्या पिटुनियाची एक परडी मीही तिथे नेऊन टांगली होती. दोन दिवसांनी तिने रुद्रेशला सांगितलं की ही पुढे लाव, पाहुण्यांना आवडते.

पाहुण्यांना आवडते, ताई. मी तिचं अंग पुसते, वेणी घालते, औषधं हातावर ठेवते, आणि ती तुमच्या फुलांकडे तोंड करून झोपते. तुम्हाला एका शब्दाचा राग आला. मांय मला या वाड्यावरच्या साऱ्या सुना म्हणतात, आमच्याकडे सासूला मांयच म्हणतात. आई हा शब्द तिने दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. पोटात कळ आली की तो तिच्या तोंडून निघतो. मी उशाशी असते आणि तो माझ्यासाठी नसतो. मला मुलगी नाही. हेवा कसा असतो ते तुम्ही मला लिहून शिकवायला नको.

पिटुनिया वाळायला लागला आहे. पानांवर मीठ बसलं आहे. वाचून तुम्हाला बरं वाटेल. त्या आकड्यांवर आता काय लावायचं ते येऊन सांगा.

राग असेल तर तोही घेऊन या, लोभ मागाहून होईल.

सुमंगला


हरमल,
३ जानेवारी २०२५

हर्षाचे बाबा यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला इथे सोडून गेलात त्याला आता बरेच दिवस झाले. हर्षा ठीक आहे. रक्त पुन्हा दिसलेलं नाही. मला दारात बघून ती आधी रडली, मग विहीणबाईंवर शपथ मोडली म्हणून रागावली, मग आम्हा दोघींना जवळ बसवून ठेवलं. चेहरा उतरला आहे, पण केस तेल लावून विंचरलेले असतात. विहीणबाईंचा हात हलका आहे हे मला कबूल करावं लागतं, त्यांच्यासमोर नाही. वेणीवरून पहिल्याच दिवशी ओढाताण झाली. आता सकाळची त्या घालतात, संध्याकाळची मी. संध्याकाळची लवकर विस्कटते, कारण ती झोपते. हे मी हर्षाकडे एकदा बोलून बसले. ती हसली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

समोरच्या आकड्यांचं सांगायचं राहिलं. विहीणबाईंना तिथे शेवंती हवी होती. मी म्हटलं की शेवंती ताठ उभी राहणारी, ती परडीत टांगली तर खालून नुसते देठ दिसतील. मग त्यांनी अबोली काढली. मी म्हटलं ती सावली मागते. त्या म्हणाल्या की मग तुम्हीच सांगा. मी घाणेरी म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की स्वयंपाकघरातून रुद्रेश धावत आला. रस्त्याकडेचं तण पैसे देणाऱ्या पाहुण्यांच्या डोक्यावर टांगायचं का, असं त्यांचं म्हणणं. लोंबती, जांभळ्या फुलांची असते ती त्यांनी बघितली नव्हती. रुद्रेशला घेऊन मी नर्सरीतून आणली. आता चार परड्यांत ती आहे आणि चारांत मागच्या चिनी गुलाबाच्या फांद्या खोचल्या आहेत. माती त्यांनी कालवली. माझ्यापेक्षा बरी कालवली.

पिटुनियाची एकच परडी वाचली आहे. जिन्याच्या आडोशाला वारा लागत नाही, तिथे ती तग धरून आहे. विहीणबाई तिला माझ्या नकळत पाणी घालतात. मीही घालते, त्यांच्या नकळत. दोघींचं पाणी होऊन ती कुजेल अशी मला भीती आहे, पण आधी कुणी बोलायचं.

म्हशीला पेंड वेळेवर घाला. माझ्याशिवाय बरं चाललं असेल तर तसं कळवू नका.

तुमची,
सुलोचना


म्हापसा,
६ फेब्रुवारी २०२५

हर्षाचे बाबा यांस,
सा. न. वि. वि.

नात झाली हे रुद्रेशने फोनवर सांगितलंच आहे. दोघी सुखरूप आहेत. फोनवर जे सांगता येत नाही ते लिहिते. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

काल पहाटे आम्ही तिला घेऊन इथे आलो. ऑपरेशन ठरलेलंच होतं. हॉस्पिटलच्या दाराशी विहीणबाईंनी मला उंडा आणि भाजी घेऊन दिली, मी खाल्ली. त्यांनी खाल्लं की नाही ते मी बघितलं नाही. रुद्रेश रक्ताची सोय बघायला खाली गेला. आम्ही दोघी बाकावर, मधे पिशवी. त्या पुटपुटत होत्या, मी दाराकडे बघत होते. मला तुम्ही हवे होतात.

मग नर्स बाहेर आली. मुलगी झाली म्हणाली, बाळबाळंतीण ठीक आहेत, पण आत एकीनेच यावं, मुलीच्या आईने. आम्ही दोघी एकदम उठलो. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पुन्हा बसल्या. पदराचं टोक नीट करत बसल्या, जशा काही त्यासाठीच उठल्या होत्या. मी आत गेले. इतके दिवस मला हेच हवं होतं, आणि मिळालं.

हर्षा अर्धवट ग्लानीत होती. ओठ सुकलेले. मला बघून हसली, माझा हात धरला, आणि पहिलं काय विचारलं असेल तर मांय कुठे आहे. बाळाला मी अजून नीट बघितलंही नव्हतं. मी म्हटलं की बाहेर आहे. तर म्हणाली की तिला बोलाव, तिने कालपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही, बाळ रडल्याशिवाय घेणार नाही असं देवाला बोलली आहे, तिला दाखव.

मला तो उपास माहीत नव्हता. एका घरात इतके दिवस काढले. जेवताना मी विहीणबाईंच्या हातांकडे बघायचे ते एवढ्यासाठी की हर्षाला आधी कोण वाढतं.

मी बाहेर आले. विहीणबाईंना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या की एकीलाच सोडतात. मी त्यांच्या कोपराला धरून दारापर्यंत नेलं आणि नर्सला सांगितलं की मुलीची आई ही. नर्सने विचारलं की मग तुम्ही कोण. मी म्हटलं की मीही. ती थकलेली होती, तिने वाद घातला नाही. दार उघडून त्यांना आत घेतलं आणि मी पिशवीशेजारी येऊन बसले.

माझ्यापेक्षा त्या जास्त वेळ आत होत्या. मला ते आवडलं नाही, तुम्हाला खोटं कशाला लिहू. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. मी बाटलीचं झाकण काढून पाणी पुढे केलं. त्या उभ्यानेच घटाघटा प्यायल्या. आत हर्षाशी काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं, अजून वाटतं आहे.

बाळ गोरंपान आहे, बोटं लांब आहेत. कपाळ तुमचं आहे. विहीणबाई म्हणतात की रुद्रेशचं. उद्या या आणि काय ते एकदा ठरवून टाका. जितका लोभ शिल्लक असेल तितका सगळा घेऊन या, इथे वाटेकरी वाढले आहेत.

तुमची,
सुलोचना